ओळीच्या पलीकडचं घर

मरिंगा, २७ डिसेंबर

नामी,

फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरूनही नाही, कारण तो तिला मी लावून देते हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र म्वांझाच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तुझ्या दुकानासमोरच त्याची गाडी थांबते म्हणे. पाकिटावरचं नाव शिरिमाकडून लिहून घेतलंय. माझं अक्षर बघितलंस तर फोडायचाही नाहीस.

नाताळ झाला. दार एस सलाम, अरुशा, नैरोबी, जिथं जिथं आपल्या म्लाय कुळातली मंडळी दुकानं थाटून बसली आहेत तिथून सगळी आली. तू नाही आलास. बोकड कापला, वाटे पडले. धाकट्या मुलाचा वाटा काकांनी तुझं नाव घेऊन बाजूला ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू तुला मीच कुठं पुरून ठेवलंय. आईनं तो वाटा जुन्या घराच्या चुलीवर धुरात टांगलाय. म्हणाली, "येईल तेव्हा खाईल." मी म्हटलं, काका वाटेत भेटतील म्हणून तो ओढ्याकाठच्या खालच्या रस्त्यानं चोरासारखा येईल बघ. ती हसली. तुझ्या नावानं हसते अजून.

आई ऑक्टोबरपासून नव्या घरात राहते आहे. तुला राग येणार. धाकट्या मुलाच्या घरातून उठून आई लेकीच्या घरात गेली, हे आपल्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. काकूंनी तर ऐन जेवणात विचारलं, "आता नामीनं काय भिंतींची सेवा करायची?" आई मटोरीच्या सुपाचा घोट घेत म्हणाली, "माझ्या लेकीच्या घरात धूर नाही. तुझ्या लेकाच्या घरात आहे का, ते आधी बघ."

घर तू बघितलं नाहीस, तरी सांगते. मागची बाजू डोंगरात शिरलेली, भिंती इथल्याच मातीच्या, कुटून उभ्या केलेल्या. छपरावर गवत आहे आणि शेळ्या चरत चरत छपरावर कधी येतात ते त्यांनाही कळत नाही. पाट मी घराबाहेरून फिरवला नाही, बैठकीतून नेला. फरशीत काचेची पट्टी आहे, तिच्याखालून पाणी वाहतं. रस्त्यावरून घर दिसत नाही, नुसता डोंगर दिसतो. नैरोबीच्या मासिकानं पानंच्या पानं छापली, वर मथळा दिला, 'डोंगराला कळू न देता बांधलेलं घर'. मी तो कापून ठेवलाय.

आणि तू गेल्या वर्षी त्या इसालेच्या झुडपांच्या ओळीपाशी उभा राहून काय म्हणालास? "ताई, ओळीच्या अलीकडे काय हवं ते बांध. पलीकडे कुदळ मारायची नाही." मी विचारलं, का. "बाबांनी मला सांगितलंय." मग मला सांग. "ते मुलींना सांगायचं नसतं." नामी, दार एस सलामच्या कॉलेजात मी पोरांना घरं बांधायला शिकवत होते, आणि ज्याचं नाक मी पुसलं तो मला सांगतो की मुलींना सांगायचं नसतं. इसाले आपण हद्दीवर लावतो. ती ओळ तर आपल्याच बागेच्या मधोमध होती, दोन्हीकडे आपलीच केळी. आजोबांच्या भावकीतली जुनी हद्द असणार, भांडण मिटलं आणि झुडपं राहिली, असं मी धरलं. ओळ उपटली आणि बैठक आणि आईची खोली तिथूनच पुढं, पार दरीच्या कडेपर्यंत नेली. आईला अंथरुणातून सगळं मैदान दिसतं.

पाया खणताना तिथं एक मातीचं गाडगं निघालं, गळ्याशी नक्षी असलेलं, अर्धं फुटकं. ते दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलंय. फोटोत तेच सगळ्यांना आवडतं.

बाकी ठीक. आईच्या खोलीचं दार जरा अडकतं. लाकूड फुगलं असेल. मी रंधा मारून घेतला.

तुझी ताई,
आयकांडे


मरिंगा, २० जानेवारी

नामी,

कंडक्टर म्हणाला, तू पाकीट घेतलंस, आई बरी आहे का एवढं विचारलंस आणि ते खिशात घातलंस. फोडलं की नाही ते त्यानं बघितलं नाही. मी फोडलंस असं धरून चालते.

इथं कडक ऊन आहे. पावसाचा थेंब नाही आणि आईच्या खोलीचं दार पुन्हा अडकलं. पुन्हा रंधा मारला. आता वर बोटभर फट राहिली आहे आणि खाली दार घासतंच आहे. लाकूड उन्हाळ्यात फुगत नाही, हे मला शिकवू नकोस.

काल शिरिमा आला होता. यंदा पाटाची पाळी तोच बघतो. पाटकरी झाल्यापासून त्याची मान जरा ताठ झाली आहे. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, खालची माणसं माझ्या डोक्यावर मिरे वाटताहेत. पाणी पुरत नाही म्हणतात."

"मग त्यांना म्हणावं, कमी केळी लावा."

"पाणी तुझ्या घरात पोटभर येतं," तो म्हणाला, "पण जेवून उठतच नाही. बाहेर पडतं ते निम्मं."

आई आतून म्हणाली, "माझी लेक पाणी चोरून काय चहा करते का?" शिरिमा हसला, पण काचेवर वाकून बराच वेळ बघत बसला. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, पाणी जातं कुठं. मी म्हटलं, उन्हानं उडतं. काचेखालून. त्यानं मान डोलावली, म्हणजे मला खोटं बोलायची सवय नाही हे त्याला कळलं.

आजपासून पाट घरातून बंद केला. पुन्हा बाहेरून, जुन्या वाटेनं सोडला. आईला सांगितलं की काच साफ करायची आहे.

बैठकीत एक चटई आणून टाकली आहे, मोठी, आडवी. आई म्हणते, चालायच्या जागी चटई कोण टाकतं, मी पाय अडकून पडायची. तिला म्हटलं, हल्ली असंच टाकतात.

ताई


मरिंगा, १५ फेब्रुवारी

नामी,

परवा कंपालाहून विद्यार्थी आले होते घर बघायला. पोरं चांगली, हुशार. कोनाड्यातल्या गाडग्याचे फोटो, छपरावरच्या शेळीचे फोटो, माझे फोटो. एका मुलीनं चटईवर पाय ठेवला आणि पटकन उचलला. "मॅडम, इथं खाली पोकळ लागतं." मी म्हटलं, खालून पाट जातो ना. पाट तर मी महिन्यापूर्वीच बंद केला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी चहाला चला म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं.

ती गेल्यावर चटई उचलली. लपवण्यात काय अर्थ आहे, तू काही मासिकवाला नाहीस. भेग आहे. डिसेंबरात केसाएवढी होती, आता हात जातो. मी गुडघ्यावर बसून तिच्या रेषेत डोळा लावला. एका टोकाला शेजारच्या किमारोच्या कुंपणाशी इसालेचं जे शेवटचं झुडूप राहिलंय ते. दुसऱ्या टोकाला दरीच्या तोंडाशी मजुरांच्या हातून राहून गेलेलं एक. भेग या दोघांच्या मधून सरळ जाते. मी जी ओळ उपटली ती फरशीतून परत उगवली म्हण ना.



एक गोष्ट तुला सांगितली नाही. ओळीच्या पलीकडची माती खणताना मऊ लागली होती. हाताला लागताच सुटत होती. मजूर खूश, मीही खूश, कारण कुटलेल्या भिंतींना अशीच माती लागते. डोंगरातली माती मुळात इतकी मऊ नसते, वरून येऊन साचलेली असते तेव्हाच ती तशी लागते. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवत आले. स्वतःच्या बागेत मात्र मला ते दिसलं नाही, कारण मला तुझ्यावर मात करायची होती.

आता सांग. बाबांनी तुला काय सांगितलं होतं? मुलगी म्हणून नको, बांधकामवाली म्हणून विचारते आहे. मार्चमध्ये मोठा पाऊस लागेल. घर ओळीवरून तुटून जाणार आहे की नुसतं भेगाळून राहणार आहे, हे मला तुझ्या एका वाक्यावरून कळेल.

ताई


मरिंगा, ११ मार्च

नामी,

अजून तुझं अक्षर नाही. ढग आले आहेत. किबो शिखराचं डोकं गेले चार दिवस दिसलेलं नाही.

आईला सगळं सांगितलं. चटई उचलून दाखवली. मला वाटलं घाबरेल. ती भेगेकडे बघून म्हणाली, "एवढी झाली का?"

"तुला माहीत होतं?"

"तू पाट बंद केलास त्याच्यानंतरही खालून पाण्याचा आवाज येतो. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही. आणि रंधा काय हौसेनं मारत होतीस?"

मी म्हटलं, ऊठ, जुन्या घरात जाऊ, आत्ताच्या आत्ता. तर म्हणाली, नाही. मी हातापाया पडले, नाही. गाठोडं बांधलं तर तिनं सोडून ठेवलं. शेवटी चिडून विचारलं, मरायचंय का तुला इथं. तेव्हा बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"तो म्हणाला बांधू नको, पण का ते तुला सांगितलं नाही. तू बांधलंस, त्याला विचारलं नाहीस. मी दोघांच्या मध्ये तोंडाला कुलूप लावून बसले. आता मी निमूट जुन्या घरात गेले की झालं, तो म्हणणार मी जिंकलो, तू म्हणणार मी हरले, आणि माझ्या मयतीलाच एकमेकांची तोंडं बघाल. मी हलणार नाही. नामीनं इथं यावं, तुझ्यासमोर उभं राहावं, मग दोघांनी मिळून मला उचला. हलकी आहे मी."

काकांना बोलावलं, त्यांनी समजावलं. शिरिमाला बोलावलं, त्याला तिनं केळ्याची दारू, मबेगे, पाजून परत पाठवलं. उचलून नेऊ म्हटलं तर म्हणते, उचला, पाठ फिरली की परत येईन. आणि येईल. आपली आई आहे.

मी तिच्या खोलीत, तिच्या शेजारी झोपते. दुसरं काय करू.

म्हणून पाकिटात हे पान आहे. बाबांच्या कबरीवरच्या इसालेचं, गाठ मारलेलं. ओळीतली झुडपं मी फेकून दिली, नाहीतर त्यातलंच पाठवलं असतं. गाठ मारलेलं पान दारात आलं की खून करून आलेल्यालाही माफी नाकारता येत नाही, हे तुला सांगायला नको. माफी मागते, नामी. ओळ काढली त्याची, तुझं ऐकलं नाही त्याची, वर सगळ्यांसमोर तुला दुकानदार म्हणून हिणवलं त्याची. तूही कमी नाहीस, पण ते नंतर.

ये. आणि आलास की आधी बोल, मग भांड.

ताई


मरिंगा, २९ मार्च

नामी,

तुझं पत्र काल आलं. कंडक्टर स्वतः चिखल तुडवत वर घेऊन आला. तू आज निघतोस हे वाचून मी दाराला टेकून रडले. दार आता अडकत नाही, चौकटच वाकडी झाल्यामुळे ते आपोआप उघडं राहतं.

तू येशील तेव्हा हे पत्र तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेले तर भांडण होईल.

तू लिहिलंस ते मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकांना सांगायचं नाही असं बाबा म्हणाले असतील, मी सांगितलं. आजोबांची थोरली बायको होती हेच आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. कॉफीला भाव आला, आजोबांनी कॉफीसाठी पाट त्या उतारावरून फिरवला, आणि मोठ्या पावसात तो उतार थोरलीच्या घरासकट खाली सरकला. ती आणि तिची लेकरं आतच राहिली, कुणी काढली नाहीत. आजोबांनी जिथून जमीन तुटली तिथं इसाले लावली. हद्द नव्हती ती. आपण कबरीवर लावतो तशी आणि माफी मागताना देतो तशी, दोन्ही होती. आणि मग कुणालाही सांगायचं नाही, फक्त घर सांभाळणाऱ्या मुलाला सांगायचं. का, तर या घरात पुढं कुणी मुलगी देणार नाही म्हणून.

मीही पाट त्याच उतारावरून नेला. थोडक्यात, आजोबांनी जे केलं तेच मी केलं, फक्त वर काच बसवली.

पत्र संपल्यावर आई म्हणाली, "मी या घरात लग्न करून आले तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर कॉफी वाळवते आहे, आणि तुझ्या बापानं मला सांगितलं नाही." बाबांवर इतकं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. मग कोनाड्यापाशी गेली, ते फुटकं गाडगं हातात घेतलं आणि गळ्याशी असलेल्या नक्षीवरून अंगठा फिरवला. "हे तिचं आहे," म्हणाली. "आणि तू शोभेला ठेवलंस."

तू पत्रात घालून परत पाठवलेलं गाठीचं पान तिनं तुझ्यासाठी राखून ठेवलं नाही. ते भेगेत सोडलं. वाकून काहीतरी पुटपुटली, आपल्या जुन्या भाषेत, मला अर्धंच कळलं. मग गाडगं छातीशी धरून स्वतःच्या पायांनी जुन्या घरात निघून गेली. मी तिचं अंथरूण घेऊन मागे. "नामीसाठी थांबणार होतीस ना?" असं विचारलं तर म्हणाली, "मी तुमच्यासाठी बसले होते. त्या बाईच्या अंगावर नाही बसणार."

म्हणजे ती सुटली, नामी. आत्ता चुलीपाशी बसून तुझा नाताळचा वाटा खाली उतरवते आहे, तू आलास की शिजवायला. नव्या घरात आता कुणी नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

ताई


मरिंगा, ३० मार्च, सकाळी

नामी,

हे घाईत लिहिते आहे. मोटारसायकलवाला खाली उभा आहे, त्याच्याकडे देते.

घर गेलं. पहाटे आवाजही मोठा झाला नाही, नुसतं कुणीतरी जड काही ओढत नेतंय असं वाटलं. उजाडल्यावर बघितलं तर छप्पर गवतासकट तसंच्या तसं खाली उतरलंय. रस्त्यावरून बघणाऱ्याला कळणारही नाही की इथं काही होतं. नुसता डोंगर दिसतो.

आई ठीक आहे, मी ठीक आहे, कुणाला काही झालेलं नाही. मी हसत होते, शेळ्या छपरावर नव्हत्या म्हणून. तेवढ्यात शिरिमा धावत आला. आजपर्यंत मी त्याला कधी धावताना बघितलं नव्हतं. म्हणाला, "बाई, ओढ्याला पाणी नाही." इतक्या पावसात. सकाळपासून ओढा कोरडा पडत चाललाय. आपली माती, भिंती, झाडं सगळं जाऊन दरीच्या अरुंद तोंडाशी अडकलंय आणि पाणी त्याच्यामागं चढतंय. तो बांध माझ्या घराचा आहे, कुटलेल्या मातीचा, आणि ती माती पाण्यात किती टिकते ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. टिकत नाही.

शिरिमानं खालच्या वाड्यांना उठवलंय, माणसं वर चढताहेत. पण तुझी बस सकाळी मरांगूला पोचते आणि तू खालच्या रस्त्यानं येतोस. ओढ्याकाठच्या. नेहमी.

मोटारसायकल वरच्या रस्त्यानं, खालचा रस्ता सुटतो त्या फाट्यावर जाईल. तू तिथं भेटलास आणि हे वाचत असलास तर तिथंच थांब, काका भेटले तरी थांब, त्यांच्याशी वाटेल ते बोल. तू आधीच खाली उतरला असलास तर हे पत्र तुला मिळणार नाही.

मी माझ्या फोनवरून लावते आहे, आईच्या फोनवरून लावते आहे, शिरिमाच्या फोनवरून लावते आहे. घंटी जाते. म्हणजे फोन तुझ्या खिशात आहे आणि चालू आहे.

नामी, फोन उचल.